टेक्नो कुणाचं? डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स'चा इतिहास आणि आपण

मार्च 2024 मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संगीताला आपल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. बातमी जगभर गेली. बर्लिनचे क्लब, तिथली रात्रभर चालणारी नाचगाणी, भिंत पडल्यानंतर एकत्र आलेली तरुणाई, सगळ्यांचं कौतुक झालं. त्याला हरकत असायचं कारण नाही, बर्लिनने या संगीतावर खरोखर प्रेम केलं. पण ती बातमी वाचून किती जणांना कळलं असेल, की टेक्नो बर्लिनमध्ये जन्मलेलं नाही? ते अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांनी बनवलं. मोटार कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांच्या घरांतून ते आलं.

निर्मिती एकाची आणि वारसा दुसऱ्याच्या नावावर, हा प्रकार आपल्याला नवा नाही. लावणी, तमाशा, वाद्यं, कातडं, माती, लाकूड यांतलं सगळं ज्ञान ज्यांच्या हातात होतं त्यांना 'कलावंत' म्हणायला या समाजाला किती शतकं लागली, हे आपण जाणतो. म्हणूनच डेट्रॉइटच्या एका गटाचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचला पाहिजे. त्या गटाचं नाव 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स', म्हणजे भूमिगत प्रतिकार. तो बँड होता, रेकॉर्ड कंपनी होती आणि संघटनाही होती. 'आपला आवाज चोरीला जातो' अशी तक्रार करून तो थांबला नाही. चोरी कुठून होते ती जागा शोधून त्याने तिथेच आपलं घर बांधलं.

भिंतीचं शहर

डेट्रॉइट म्हणजे फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर. फोर्डने 1914 मध्ये दिवसाला 5 डॉलर मजुरी जाहीर केली, आणि पुढच्या काही दशकांत दक्षिणेतल्या राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांत आले. जमीनदाराच्या कापसाच्या शेतातून कारखान्याच्या पट्ट्यावर. आपल्याकडे गावकुसाबाहेरचा माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत आला, तसंच हे. आणि जशी आपल्या लोकांना गिरणीच्या विणकाम खात्यात बंदी होती, तशी त्यांच्या वाट्यालाही भट्टीजवळची, रंगकामाची, सगळ्यात घातक कामं आली.

राहायचं कुठे, हेही ठरवून दिलेलं. 1941 मध्ये डेट्रॉइटच्या एट माइल रस्त्याजवळ एका बिल्डरने सुमारे अर्धा मैल लांब आणि 6 फूट उंच काँक्रीटची भिंत बांधली. कारण काय? शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तिच्या इतक्या जवळ गोऱ्यांसाठी घरं बांधायला सरकारी यंत्रणा कर्जाची हमी देईना. भिंत उभी राहिली, मग हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे. वस्तीतल्या लोकांनी तिच्यावर चित्रं रंगवली आहेत. आपल्याकडे अशा भिंती बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच फरक.

शहराच्या मध्यात हेस्टिंग्ज स्ट्रीट नावाचा रस्ता होता. तिथे कृष्णवर्णीयांची दुकानं, हॉटेलं, जाझ आणि ब्लूजचे अड्डे होते. शहर 'सुधारण्याच्या' नावाखाली ती वस्ती पाडली आणि तिच्यावरून मोटारींचा महामार्ग नेला. ज्या मोटारी यांनीच बनवल्या, त्यांच्यासाठी यांचीच घरं गेली.

जुलै 1967 मध्ये पोलिसांनी एका दारूच्या अड्ड्यावर धाड घातली आणि शहर पेटलं. पाच दिवसांत 43 माणसं मेली, त्यांतली 33 कृष्णवर्णीय. लष्कर बोलवावं लागलं. पुढच्याच वर्षी डॉज कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगारांनी स्वतःची संघटना काढली, कारण गोऱ्यांच्या हातातली युनियन त्यांचं ऐकत नव्हती. संघटनेचं नाव 'डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट'. आद्याक्षरांनी होतं 'ड्रम'. कामगार चळवळीत वर्गाबरोबर वर्णाचाही प्रश्न विचारावा लागतो, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढताना मांडलेलं सूत्र तिकडे कारखान्याच्या फाटकावर पुन्हा सिद्ध झालं.

मग यंत्रमानव आले, कारखाने बाहेर गेले. 1950 मध्ये साडेअठरा लाख लोकसंख्या असलेलं हे शहर 2010 मध्ये सुमारे 7 लाख 14 हजारांवर आलं. बेरी गॉर्डीने 1959 मध्ये सुरू केलेली मोटाऊन ही कृष्णवर्णीयांची सगळ्यात मोठी रेकॉर्ड कंपनी होती. तीही 1972 मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेली. शहराला आवाज देणारी संस्थाच शहर सोडून गेली. पुढच्या पिढीला हे कळलं होतं आणि ती ते विसरली नाही.

स्वस्त यंत्रं, एक रेडिओ आणि एक आजी

त्या ओसाड होत चाललेल्या शहरात रात्री रेडिओवर एक माणूस बोलायचा. नाव 'द इलेक्ट्रिफायिंग मोजो'. तो चेहरा दाखवत नसे. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या स्टेशनवरून तो पार्लमेंट-फंकाडेलिक वाजवी, प्रिन्स वाजवी, आणि त्याच दमात जर्मनीच्या क्राफ्टवर्क या बँडची यंत्रासारखी गाणी वाजवी. 'हे काळ्यांचं संगीत, ते गोऱ्यांचं' ही रेडिओ कंपन्यांनी आखलेली रेषा तो मानत नव्हता. क्राफ्टवर्कचं ऋण डेट्रॉइटच्या कलावंतांनी कधी नाकारलं नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे.

मोजो ऐकत मोठा झालेला एक मुलगा म्हणजे वान अ‍ॅटकिन्स. आजीमुळे त्याच्या हाती कॉर्ग कंपनीचा एक सिंथेसायझर आला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या रिक डेव्हिसबरोबर त्याने 'सायबोट्रॉन' नावाचा गट काढला आणि 1981 मध्ये पहिली रेकॉर्ड आणली. बेलव्हिल गावच्या शाळेतले त्याचे दोन मित्र, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन, पुढे त्याला मिळाले. या तिघांना टेक्नोचे जनक मानतात.

ही मुलं अगदी उपाशी घरांतली नव्हती. मोटार कारखान्यांतल्या युनियनच्या पगारावर उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचीही त्यांच्यामागे साथ होती. आपल्याकडे रेल्वे, पोस्ट, नगरपालिकेतल्या पगारावर पहिली शिकलेली पिढी आली, तिच्यासारखंच. आईबापांनी यंत्रासमोर आयुष्य घालवलं, आणि मुलांनी यंत्राकडूनच गाणं काढलं.

यंत्रंही कोणती? रोलँड कंपनीची 808 आणि 909 ही ड्रम मशीन्स आणि 303 हे बासचं यंत्र. बाजारात ती चालली नाहीत, कारण खऱ्या ढोलासारखा, खऱ्या गिटारसारखा आवाज त्यांतून येत नव्हता. कंपनीने ती बंद केली. जुन्या बाजारात आणि गहाणवटीच्या दुकानांत ती स्वस्तात मिळू लागली. प्रस्थापित वादकांनी टाकून दिलेली वस्तू या मुलांनी उचलली आणि तिच्यातून असा आवाज काढला की आज जगातलं निम्मं संगीत त्या आवाजावर चालतं.

1988 मध्ये इंग्लंडमध्ये डेट्रॉइटच्या या संगीताचा एक संग्रह निघाला आणि 'टेक्नो' हे नाव पक्कं झालं. युरोपने ते डोक्यावर घेतलं. पण नंतर झालं काय? रेकॉर्ड तिकडे विकली जाई, मोठे कार्यक्रम तिकडे होत, मासिकं तिकडची, कंपन्या तिकडच्या. काही वर्षांत टेक्नो म्हणजे गोऱ्या युरोपियन पोरांचं नाचायचं संगीत, अशी जगाची समजूत झाली. अमेरिकेतच कित्येक कृष्णवर्णीय तरुणांना वाटू लागलं की हे आपलं नाही.

तोंड झाकलेले सैनिक

याच वळणावर, 1989-90 च्या सुमारास, माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी अंडरग्राउंड रेझिस्टन्स सुरू केलं. बँक्स हा स्टुडिओत वाजवणारा वादक. मिल्स डेट्रॉइटच्या रेडिओवर 'द विझर्ड' नावाने गाजलेला डीजे. लवकरच रॉबर्ट हूड त्यांना मिळाला.

पहिली रेकॉर्ड 1990 ची. तिच्यात योलांडा रेनॉल्ड्स या गायिकेचा आवाज आहे. चर्चमधल्या गाण्याचा वारसा सांगणारा, मोकळा आवाज. पुढच्या वर्षभरात मात्र गटाचा सूर पार बदलला. गाणं गेलं, शब्द गेले. राहिला फक्त 909 च्या ढोलाचा घणाघात, फाटेपर्यंत चढवलेला आवाज आणि धोक्याच्या भोंग्यासारखे सिंथेसायझर. 1991 च्या एका रेकॉर्डचं नावच 'रायट', म्हणजे दंगल. हे संगीत कानाला गोड लागावं म्हणून केलेलंच नव्हतं. कारखान्यातला प्रेस दिवसभर ज्या तालात आदळतो, तो ताल ज्या घरांत रात्री झोपेतही ऐकू येई, त्या घरांतून हा आवाज आला होता.

आणि चेहरे झाकलेले. माइक बँक्स आजही फोटो काढू देत नाही, लोकांसमोर येतो तेव्हा तोंडावर फडकं असतं. रेकॉर्डवर कलावंताचा फोटो नाही. काळा कागद, गटाचं चिन्ह, आणि तबकडीच्या आतल्या कडेला, जिथे सुई शेवटी फिरत राहते तिथे, हाताने कोरलेला एखादा संदेश. ज्याने रेकॉर्ड विकत घेऊन उजेडात तिरपी धरली त्यालाच तो दिसायचा. गटाने स्वतःचा जाहीरनामाही काढला. बड्या कंपन्या लोकांच्या मेंदूत जो सुमार दर्जाचा आवाज आणि चित्रं भरतात, त्याविरुद्ध हे युद्ध आहे, असा त्याचा आशय. 1992 मध्ये तर त्यांनी थेट मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना उद्देशून 'मेसेज टू द मेजर्स' या नावाची रेकॉर्ड काढली.

इथे आपल्यातला एखादा वाचक अडेल. त्याचा प्रश्न रास्त आहे. आपल्या लोकांना तर शतकानुशतकं बिनचेहऱ्याचं आणि बिननावाचं ठेवलं गेलं. बाबासाहेबांनी आपल्याला नाव दिलं, सुटाबुटात उभं राहायला शिकवलं. मग चेहरा लपवणं हा कसला प्रतिकार?

उत्तर मालकीत आहे. अंडरग्राउंड रेझिस्टन्सने चेहरा झाकला, पण रेकॉर्डचा मालकी हक्क स्वतःकडे ठेवला. गाणं कुणाचं, छापलं कुणी, विकलं कुणी, पैसे कुणाकडे आले, हे सगळं त्यांच्या हातात. गोऱ्यांच्या संगीत उद्योगाला काळा चेहरा हवा असतो, कारण चेहरा पोस्टरवर विकता येतो. त्यांनी विकायला चेहरा दिलाच नाही, फक्त काम दिलं. आता उलटं पाहा. आपण जयंतीला गातो त्यांतल्या कितीतरी भीमगीतांचा कवी कोण, हे गाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कॅसेट विकली गेली, नंतर तेच गाणं मोबाइलवर फिरलं, आणि लिहिणारा शाहीर वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत राहिला. ते बिननावाचं राहणं त्याने निवडलेलं नव्हतं, त्याच्यावर लादलेलं होतं. दोन्हींना एकाच मापाने मोजता येणार नाही.

बर्लिनशी मैत्री आणि तिची मर्यादा

इतिहास सरळ रेषेत सांगितला की तो प्रचार होतो, म्हणून ही बाजूही सांगतो. मार्च 1991 मध्ये बर्लिनमध्ये 'ट्रेझॉर' नावाचा क्लब सुरू झाला. जागा होती वेर्टहाइम या जुन्या दुकानाच्या तळघरातली तिजोरी. हे दुकान एका ज्यू कुटुंबाचं, नाझी राजवटीने हिरावून घेतलेलं. त्या क्लबने काढलेली पहिली रेकॉर्ड कुणाची होती? अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्याच मंडळींची, 'एक्स-101' या नावाने. 1993 मध्ये तर ट्रेझॉरने बर्लिन आणि डेट्रॉइटची युती असं नाव देऊनच एक संग्रह काढला.

म्हणजे बर्लिनने लुटलं, असा सरळ आरोप करणं खोटं ठरेल. बर्लिनने त्यांना व्यासपीठ दिलं, पैसे दिले, आदर दिला, तोही त्यांच्याच देशात मिळत नव्हता अशा वेळी. पण मैत्रीची एक मर्यादा असते. मित्र कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या घरात राहून आपला इतिहास लिहिता येत नाही. तीस वर्षांनी वारशाची पाटी लागते तेव्हा ती घराच्या मालकाच्या नावाने लागते. पुरोगामी मित्रांच्या व्यासपीठांवर आपल्या शाहिरांना टाळ्या खूप मिळाल्या. त्या व्यासपीठांचे इतिहास कुणी लिहिले, तेही एकदा तपासून पाहा.

राष्ट्र ते आकाशगंगा

1992 मध्ये मिल्स न्यूयॉर्कला गेला, हूडही बाहेर पडला. कित्येक गट अशा वेळी संपतात. आपल्या चळवळीतल्या फुटींचा इतिहास आपल्याला पाठ आहे, त्याची कटुताही. इथे मात्र गट संपला नाही, कारण तो दोन माणसांच्या नावावर उभा नव्हता. नावं आधीच झाकलेली होती.

आणि याच काळात आवाज पुन्हा बदलला. 1991 मध्ये 'नेशन टू नेशन', 1992 मध्ये 'वर्ल्ड टू वर्ल्ड', 1993 मध्ये 'गॅलेक्सी टू गॅलेक्सी'. राष्ट्र, मग जग, मग आकाशगंगा. नावांबरोबर संगीतही रुंदावत गेलं. यंत्राच्या ठोक्यावर आता जाझ आलं. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर महामार्गाखाली गाडलेलं ते जाझ! 'हाय-टेक जाझ' या रचनेत ड्रम मशीन थांबत नाही, पण तिच्यावर कीबोर्ड आणि सॅक्सोफोन असे मोकळे उडतात की ऐकणाऱ्याला वाटावं, इथे कुणीतरी श्वास घेतंय. 'गॅलेक्सी टू गॅलेक्सी'च्या तबकडीवर अपाची योद्धा जेरोनिमो आणि ब्रूस ली यांच्या प्रतिमा होत्या. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा लढवय्या आणि एक आशियाई नट. नातं कुणाशी जोडायचं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अंतराळ हा पळ काढण्याचा मार्ग होता का? तसा आक्षेप घेतला गेला आहे. मला तो पटत नाही. ज्याला शहरात भिंतीपलीकडे घर घेता येत नाही, त्याने भविष्यावर हक्क सांगणं हीच राजकीय गोष्ट आहे. गोऱ्यांच्या विज्ञानकथांत भविष्यात काळा माणूस नसायचाच. यांनी सांगितलं, आम्ही तिथे आधीच पोचलो आहोत.

समुद्राच्या तळाशी

याच गटाच्या छत्राखाली 'ड्रेक्सिया' हे नाव पुढे आलं. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड हे दोघे त्यामागे होते, पण त्या काळी श्रोत्यांना त्यांची नावं ठाऊक नव्हती. त्यांचं संगीत पाण्याखालून आल्यासारखं, बुडबुडणारं, अंधारं आणि वेगवान. 1997 मध्ये 'द क्वेस्ट' या संग्रहासोबत त्यांनी एक कथा छापली. गुलामांच्या जहाजांवरून गरोदर आफ्रिकी स्त्रियांना समुद्रात फेकलं जाई. त्यांच्या पोटातली बाळं आईच्या गर्भजलात श्वास घेत होतीच. मग ती पाण्यातच जगली असतील तर? समुद्राच्या तळाशी त्यांनी स्वतःचं राष्ट्र उभारलं असेल तर?

ही कल्पना आहे, पण तिचा पाया कल्पना नाही. 1781 मध्ये 'झाँग' नावाच्या इंग्रजी जहाजावरून 130 हून अधिक आफ्रिकी माणसं समुद्रात फेकली गेली आणि जहाजमालकांनी त्यांच्याबद्दल विम्याची भरपाई मागितली. न्यायालयात खटला चालला तो विम्याचा, खुनाचा नाही. ड्रेक्सियाने त्या बुडालेल्यांना वंशज दिले, आणि ज्यांना थडगंही मिळालं नाही त्यांना त्यांचा इतिहास मिळाला.

बाबासाहेबांनी शूद्र कोण होते, अस्पृश्य कोण होते, याचा शोध घेताना सांगितलं होतं की आपल्या लोकांचा लिखित इतिहास शिल्लक ठेवलेला नाही, तुटलेले दुवे तर्काने जोडावे लागतील. विद्वानाचं साधन वेगळं आणि ड्रम मशीनवाल्याचं वेगळं. मात्र पुसलेल्या इतिहासासमोर गप्प बसायचं नाही, हा निश्चय दोघांत सारखाच आहे.

स्टिन्सन 2002 मध्ये तरुणपणीच गेला. आज ड्रेक्सियावर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात.

सोनीशी गाठ

1999 मध्ये या गटाने 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' ही रेकॉर्ड काढली. बनवणारा डीजे रोलँडो, डेट्रॉइटच्या मेक्सिकन वस्तीतला. वर व्हायोलिनसारखे लांब, हळवे सूर, खाली न थांबणारा ठोका. गटाच्या पहिल्या फाटक्या आवाजापासून ही रचना किती दूर आली होती, हे ऐकताच कळतं. ती जगभर वाजली. जर्मनीतल्या सोनी कंपनीने मग काय केलं? मूळ रचनेची सुरासूर नक्कल दुसऱ्यांकडून करून घेतली, गटाची परवानगी नसताना.

गटाकडे वकिलांची फौज नव्हती. श्रोते होते. इंटरनेट तेव्हा नवं होतं. जगभरातून निषेधाचे ईमेल सोनीकडे गेले आणि सोनीला माघार घ्यावी लागली. गटाने त्याच रचनेची नवी रूपं स्वतःच्या लेबलवर काढली. नाव ठेवलं 'रिव्हेंज ऑफ द जॅग्वार', जॅग्वारचा सूड!

हे शक्य झालं ते दहा वर्षांच्या बांधणीमुळे. नुसत्या संतापावर झालं नसतं. 1992 पासून त्यांची 'सबमर्ज' ही स्वतःची वितरण व्यवस्था होती. फक्त स्वतःच्या नव्हे, डेट्रॉइटमधल्या इतर लहान कृष्णवर्णीय लेबलांच्या रेकॉर्डही ती जगभर पाठवत होती. रेकॉर्ड कोणत्या देशात कोणत्या दुकानात जाते, हे त्यांना माहीत होतं, कारण खोकी तेच बांधत होते.

पुढे त्यांनी ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरची 3000 क्रमांकाची इमारत घेतली. ही वास्तू पूर्वी लॉन्ड्री कामगारांच्या युनियनची. तिथे स्टुडिओ आहे, रेकॉर्डचं दुकान आहे आणि 'एक्झिबिट 3000' हे टेक्नोचं संग्रहालय आहे. मोटाऊनचं जुनं घर याच बुलेव्हार्डच्या पश्चिम भागात आहे. मोटाऊन निघून गेली. हे मात्र शहरातच राहिले. शिवाय 2005 च्या सुमारास गटाने 'गॅलेक्सी टू गॅलेक्सी' हा पूर्ण बँड म्हणून मंचावर आणला, हाताने वाजवणारे वादक आणि सॅक्सोफोनसह, थेट जपानपर्यंत. यंत्राकडे गेलेला आवाज माणसांच्या हातात परतला, आणि यंत्रही सोबत राहिलं.

एक उणीवही नोंदवतो. पहिल्या रेकॉर्डवर स्त्रीचा आवाज होता, पण पुढच्या इतिहासात स्त्रिया फारशा दिसत नाहीत. के-हँड या नावाने ओळखली जाणारी केली हँड याच डेट्रॉइटमध्ये स्वतःचं लेबल चालवत होती, पण टेक्नोच्या 'जनकां'च्या यादीत तिचं नाव शोधावं लागतं. शोषितांचा इतिहासही आपल्यातल्या स्त्रियांना मागच्या रांगेत बसवतो. आपल्या जलशांच्या इतिहासालाही हे लागू आहे.

आपलं काय?

डेट्रॉइटशी आपलं नातं मी ओढूनताणून जोडत नाही. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव समोर ठेवून. लेखणीचं नातं आहे, संघटनेचं आहे. संगीताच्या मालकीचं नातं मात्र आपण अजून जोडलेलं नाही.

दर एप्रिलमध्ये आपल्यात एकच वाद होतो. जयंतीला डीजे हवा की नको? एक बाजू म्हणते, ही आपली संस्कृती नाही, जलसा आपला. दुसरी म्हणते, वर्षातून एक दिवस पोरांना नाचू द्या. आवाजाने म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना त्रास होतो, ते खरंच आहे आणि त्यावर बंधन हवंच. पण 'यंत्राचा आवाज परका' हा युक्तिवाद डेट्रॉइटच्या इतिहासासमोर टिकत नाही. ढोल आणि हलगी तरी आपल्याला कुणी सन्मानाने दिली होती? ती गावकीच्या कामाची वाद्यं, आपण त्यांचा अर्थ बदलला. यंत्राचा अर्थही बदलता येतो.

खरा प्रश्न वेगळा आहे. त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून वाजणारं भीमगीत कुणी लिहिलं? त्याचं रिमिक्स कुणी केलं? त्या चॅनेलचे पैसे कुणाच्या खात्यात जातात? वस्तीने गोळा केलेली वर्गणी एका रात्रीत भाड्यात जाते, पण त्याच वस्तीत एक ड्रम मशीन, एक माइक, एक छोटी स्टुडिओची खोली का नाही?

बाबासाहेबांना हे आपल्याआधी शंभर वर्षं कळलं होतं. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, तेव्हा दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबून चळवळ चालत नाही हे त्यांनी ओळखलं. पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. जून 2016 मध्ये एका पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं आणि त्यात तो बुद्ध भूषण प्रेसही गेला. त्या दिवशी आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होतं. पण त्याआधी किती वर्षं त्या प्रेसमध्ये आपल्यापैकी कुणी पाऊल ठेवलं होतं, हाही प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. इमारत घेऊन भागत नाही, ती रोज चालवावी लागते. डेट्रॉइटची ती मंडळी रोज सकाळी खोकी बांधत होती, म्हणून त्यांची इमारत उभी आहे.

तेव्हा पुढच्या जयंतीच्या बैठकीत डीजे हवा की नको यावर तासभर भांडण्याआधी तीन गोष्टी ठरवू या. वाजणाऱ्या प्रत्येक गाण्याच्या कवीचं आणि गायकाचं नाव मंचावरून घेतलं जाईल. वर्गणीतला ठरलेला हिस्सा वस्तीतल्या मुला-मुलींच्या ध्वनिमुद्रणाच्या साहित्यासाठी बाजूला काढला जाईल. आणि आपल्या तालुक्यातल्या वयस्क शाहिरांची गाणी, त्यांची वही, त्यांचा आवाज, मालकी त्यांचीच ठेवून जतन केला जाईल. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

नाहीतर आणखी तीस वर्षांनी एखाद्या परक्या शहरात भीमगीतांच्या वारशाची पाटी लागेल, आणि आपण तिच्यासमोर उभे राहून सेल्फी काढू.

जय भीम!